हिवाळ्यातला रानपिंगळा: मेळघाटात पहिल्यांदा शोधायला जाणाऱ्यांसाठी

रानपिंगळा, म्हणजे रानातलं एक छोटं, दुर्मीळ घुबड, पाहायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. या दिवसांत सागाची पानं गळू लागतात, फांद्या उघड्या पडतात आणि रात्रभर गारठलेला पक्षी सकाळच्या उन्हाला एखाद्या उंच, बिनपानांच्या फांदीवर येऊन बसतो. तो दिवसा वावरणारा पिंगळा आहे. त्याच्यासाठी रात्री टॉर्च घेऊन रान तुडवायची काही गरज नाही. शिवाय त्याची वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळात होते, त्यामुळे थंडीत नर-मादी एकमेकांना साद घालतात, हद्द राखतात, ढोलीजवळ घुटमळतात. म्हणजे तो दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त याच दिवसांत आणि आपल्यामुळे त्याला त्रास होण्याची शक्यताही याच दिवसांत. पुढचं सगळं ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवूनच वाचा.

तुम्ही अगदी नवखे असाल तरी हरकत नाही. कोतवाल, सातभाई, बुलबुल, दयाळ हे नेहमीचे पक्षी ओळखता येत असतील आणि दुर्बिणीतून फांदीवरचा पक्षी चटकन पकडता येत असेल, तर एवढं पुरेसं आहे.

आधी तीन पिंगळे घरीच शिकून घ्या

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मेळघाटात तीन छोटे पिंगळे आहेत: आपल्या गावातला ठिपकेवाला पिंगळा, जंगली पिंगळा आणि रानपिंगळा. तिन्ही बुटके, तिन्ही पिवळ्या डोळ्यांचे, आणि हिवाळ्यात तिन्ही ऊन खाताना दिसू शकतात. रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटरचा, बाकीचे दोघे त्याहून किंचित लहान. पण पन्नास फुटांवरच्या फांदीवर दोन-तीन सेंटिमीटरचा फरक कुणालाच कळत नाही, तेव्हा आकारावर विसंबू नका.

सुरुवात डोक्यापासून करा. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. जंगली पिंगळ्याचं डोकं गोल गरगरीत असतं आणि डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक, दाट आडव्या रेघा असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ मात्र जवळजवळ एकरंगी, करड्या तपकिरी रंगाची. ठिपके असतात, पण इतके पुसट की लांबून नाहीतच असं वाटतं. डोक्यावर ठसठशीत ठिपके किंवा बारीक रेघा दिसल्या तर तो रानपिंगळा नाही, इथेच थांबा.

मग छाती-पोट पाहा. ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी रंगाचा रुंद, जवळपास सलग पट्टा असतो. कुशीवर थोड्या पट्ट्या, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. छातीचा गडद भाग संपला की पोटावर काहीही नाही, असा एकदम बदल दिसतो. जंगली पिंगळ्याच्या पोटावर पट्ट्या उतरत जातात, ठिपकेवाल्याच्या पोटावर तुटक तपकिरी खुणा असतात.

तिसरी खूण शेपटी आणि पंख. रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि टोकालाही पांढरी किनार. उडून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पंखांवरचे पट्टे ठळक दिसतात. शेवटी पाय: पांढऱ्या पिसांनी बोटांपर्यंत झाकलेले, जाडजूड. चोच आणि डोकंही अंगाच्या मानाने मोठं.

वागण्यातली एक लकब फार उपयोगी पडते. भक्ष्य दिसलं, किंवा तो उत्तेजित झाला, की रानपिंगळा शेपटी भराभर डावी-उजवीकडे हलवतो. ही हालचाल एकदा नीट पाहिली की विसरत नाही. पण फक्त तेवढ्यावर ओळख पक्की करू नका. छातीची खूण जोडीला हवीच.

तिघांचे फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवून, नावं झाकून, स्वतःची परीक्षा घ्या. पुढून, मागून, बाजूने, अंधारात, उन्हात काढलेले वेगवेगळे फोटो घ्या. जंगलात पक्षी पुस्तकातल्या चित्रासारखा बाजूने बसत नाही. बहुतेक वेळा तो तुमच्याकडे पाठ करून बसलेला असतो.

आवाजही घरीच शिका

जंगली पिंगळ्याचा आवाज मेळघाटात सगळीकडे येतो: घोगरी, गडगडत जाणारी ओळ, आधी हळू, मग वेग आणि आवाज दोन्ही वाढत जातात आणि शेवटी विरतात. ठिपकेवाला पिंगळा कर्कश किलबिलाट करतो, तो आपण लहानपणापासून तिन्हीसांजेला ऐकत आलेलो असतो. रानपिंगळ्याची हद्दीची साद यांच्या मानाने आखूड आणि गोड आहे, ‘ओऽ-वूव्’ अशी दोन टप्प्यांची, शिट्टीकडे झुकणारी. ती थोड्या-थोड्या वेळाने येत राहते. बिथरला तर मात्र तो ‘चिर्रर् चिर्रर्’ असा तिखट ओरडतो.

ध्वनिमुद्रणं निघायच्या आधी आठवडाभर रोज ऐका. जंगलात गेल्यावर ती वाजवायची नाहीत. याचं कारण पुढे येईल.

कुठे आणि कोणत्या प्रकारच्या रानात

१८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी, काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूम यांनी, या पक्ष्याचं वर्णन केलं आणि तो ज्यांनी मिळवला त्या ब्लेविट यांचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात घातलं. पुढे १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने होते. पक्षी नामशेष झाला असं बहुतेकांनी धरून चाललं होतं. मग २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी पक्षी अभ्यासकांना तो दिसला. उजेडात, उघड्या फांदीवर बसलेला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वर्षभराच्या आत वेगळा झाला.

त्यानंतर अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला आणि मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातला खकनारचा पट्टा इथे तो सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात, सह्याद्रीच्या बाजूला, तो निघाला. सातपुड्याबाहेर तो असेल असं तोवर फारसं कुणी मानत नव्हतं. जगभरात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. धोक्यात असलेल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो बरीच वर्षं ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात होता. २०१८ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं गेलं. नव्या जागा सापडल्या म्हणून हा बदल झाला. जंगल सुरक्षित झालं असा त्याचा अर्थ नाही.

नवख्या माणसासाठी मेळघाट सोयीचं, कारण राहायची सोय आहे, वाटाडे आहेत आणि पक्षीही तुलनेने बरे आहेत. पण मेळघाट फार मोठं आहे, आणि रानपिंगळा त्यात सगळीकडे नाही. चिखलदऱ्याच्या माथ्यावर थंडी छान वाजते, तरी या पक्ष्यासाठी तिथे वेळ घालवू नका. त्याला लागतं खालचं, बऱ्यापैकी सपाट, कोरडं पानझडी रान: साग मुख्य, मधेमधे सालई, मोई, रोहन, मोह, धावडा. आणि त्यात मोकळ्या जागा हव्यात. गुरं चरतात ती पडीक जमीन, रानाला लागून असलेली हरभऱ्याची किंवा तुरीची शेतं, सुकलेल्या नाल्याचा काठ. भक्ष्य जमिनीवर दिसलं पाहिजे, म्हणून त्याला खाली मोकळं आणि वर बसायला फांदी असं दोन्ही लागतं. सरडे, उंदीर, नाकतोडे, छोटे पक्षी हे त्याचं खाणं. दाट, झुडपांनी गच्च भरलेल्या रानात तो सहसा सापडत नाही.

आणि जुनी झाडं पाहा. तो स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून पडलेली नैसर्गिक ढोली त्याला लागते, आणि ती मोठ्या, वयस्क झाडांतच असते. एकसारख्या जाडीच्या सागाच्या रोपवनात ढोल्या कुठून येणार? रोपवन दिसलं की पुढे चला.

पोचायचं कसं, काय न्यायचं

रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती, तिथून परतवाडा, आणि परतवाड्याहून घाटाने सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी असा रस्ता आहे. खानदेश-मध्य प्रदेशाकडून येणाऱ्यांना बुऱ्हाणपूरकडून धारणी जवळ पडतं. पेट्रोल परतवाड्यात किंवा धारणीत भरून घ्या, रोख रक्कम जवळ ठेवा, मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही हे घरच्यांना आधीच सांगा. वनखात्याची निवासस्थानं हिवाळ्यात आणि विशेषतः नाताळात लवकर भरतात. सफारीला आठवड्यात सुट्टी असते, तो वार बुकिंग करतानाच विचारून घ्या.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगांची, असली तर उत्तम. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण पहाटे कुडकुडणाऱ्या हातात थरथरते, म्हणून नवख्यांना मी ती सुचवत नाही. खोलीतून बाहेर आल्यावर काचांवर वाफ धरते. ती बोटाने किंवा उपरण्याने पुसू नका, दुर्बीण दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. कपडे मातकट, हिरवट, करडे. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कारण उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडापर्यंत जातो आणि दहा वाजता घाम फुटतो. कानटोपी घ्या, पण गाडी थांबली की कान मोकळे करा. या शोधातलं निम्मं काम कान करतात. वही आणि पेन्सिल हवीच. पेन थंडीत दगा देतं.

वाटाड्याशी आधी बोला

मेळघाटातले बरेच वाटाडे इथल्या कोरकू आदिवासी समाजातले आहेत आणि त्यांना हे रान तळहाताइतकं ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ गाड्यांना वाघ हवा असतो, आणि गाडी त्याच बेताने पळते. म्हणून आदल्या संध्याकाळीच सांगा: “दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल. आम्हाला रानपिंगळा बघायचाय. गाडी हळू घ्या आणि सांगू तिथे इंजिन बंद करा.” एवढं बोललं की सकाळचा नूर बदलतो. अनेकदा त्यांचा चेहराही खुलतो, कारण पक्ष्यांबद्दल विचारणारे पाहुणे कमी.

त्यांना विचारताना पक्ष्याचं नाव घेण्याआधी रानाचं वर्णन करा. जुनी ढोलीची झाडं असलेली, गुरं चरणारी मोकळी जागा कुठे आहे, दिवसा ओरडणारा पिंगळा कुठे ऐकू येतो, असं विचारा. त्यांनी दाखवलेला पक्षी रानपिंगळाच असेल असं मात्र धरून चालू नका. चुका अनुभवी माणसांकडूनही होतात. खुणा स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

व्याघ्र प्रकल्पाच्या आत गाडीतून उतरायची परवानगी नसते. पायी फिरायचं तर बफरमधल्या (प्रकल्पाच्या कडेच्या पट्ट्यातल्या) किंवा गावालगतच्या वाटा, वनखात्याला विचारून, स्थानिक माणूस सोबत घेऊनच. हे मी नियम म्हणून सांगत नाही फक्त. मेळघाटात अस्वलं आहेत, पहाटेच्या धुक्यात ती बोराच्या जाळीत खाण्यात दंग असतात, आणि अचानक समोर आलेल्या माणसावर धावून जातात.

प्रत्यक्ष सकाळ

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य साधारण सात वाजता उगवतो. गेट उघडताच आत जायला हरकत नाही, पण पहिला अर्धा तास जंगलात ऊन उतरत नाही आणि पक्षीही ढोलीच्या आसपास असतो. या वेळात ऐका. ठरवलेल्या मोकळ्या जागेशी थांबा, इंजिन बंद, बोलणं बंद, चिप्सचं पाकीटही बंद. पूर्ण दहा मिनिटं. तळहात कानांमागे वाटीसारखे धरून हळूहळू वळत राहा. दिशा लगेच स्पष्ट होते. साद आली तरी लगेच पुढे जाऊ नका. पिंगळा ओरडताना मान फिरवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. दोन-तीनदा ऐकून, दोघांनी वेगवेगळ्या जागेवरून बोट दाखवून दिशा ठरवा. दोन रेषा जिथे छेदतात तिथलं झाड शोधा.

पहिलं ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं की डोळ्यांचं काम सुरू. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे मोकळ्या जागेच्या पूर्व कडेला थांबून पश्चिमेकडची झाडं पाहा. ऊन आधी त्यांच्यावर पडतं, पक्षी तिथेच येतो आणि छातीचा रंगही खरा दिसतो. उन्हाकडे तोंड करून पाहिलात तर प्रत्येक पिंगळा काळा ठोकळा दिसेल आणि ओळख अशक्य होईल.

लगेच दुर्बीण डोळ्यांना लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी झाडाची सगळी बाह्यरेषा फिरा आणि जिथे फांदीवर उगीचच गोल काहीतरी आहे असं वाटेल तिथे दुर्बीण न्या. उंच फांद्यांची उघडी टोकं, मोडक्या फांद्यांचे खुंट, मोठ्या फांद्या फुटतात त्या बेचक्या आणि ढोल्यांची तोंडं, या क्रमाने पाहा. सागाची सुकून गुंडाळलेली पानं हुबेहूब पिंगळ्यासारखी दिसतात. पहिल्या तासात ती तुम्हाला बऱ्याचदा फसवतील. वारा आला की पान हलतं, पिंगळा हलत नाही. हीच त्यांना वेगळं करायची सोपी रीत.

एखादं झाड कोरं वाटलं म्हणून सोडून देऊ नका. दहा मिनिटांनी तेच झाड पुन्हा पाहा. नवख्या माणसाला वाटतं जास्त अंतर कापलं की जास्त पक्षी दिसतील. या पक्ष्याच्या बाबतीत उलट आहे. रानपिंगळ्याची जोडी वर्षानुवर्षं साधारण एकाच टापूत राहते, एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येते आणि खूप वेळ न हलता बसते. चांगल्या वाटणाऱ्या दोन जागा निवडून प्रत्येकी दीड-दोन तास दिले, तर वीस किलोमीटर गाडी फिरवण्यापेक्षा जास्त हाती लागतं.

छोट्या पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. चष्मेवाले, शिंजीर, वटवटे, कोतवाल अचानक एका झाडाभोवती जमून कलकलाट करू लागले, एकाच जागेकडे तोंड करून उड्या मारू लागले, तर तिथे साप, शिक्रा नाहीतर पिंगळा असतो. त्यांची तोंडं जिकडे आहेत तिकडे दुर्बीण लावा. पानांआड बसलेला पिंगळा बऱ्याचदा असाच सापडतो. मात्र तो जंगली पिंगळा निघण्याची शक्यता जास्त, कारण संख्येने तोच जास्त आहे.

दहा-साडेदहानंतर ऊन चढतं, साद थांबते, पक्षी सावलीत सरकतो. तेव्हा परत फिरा, जेवा, झोप काढा. दुपारी चारनंतर पुन्हा त्याच जागी जा. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हाती वेळ थोडा असतो, पण शिकारीला खाली उतरलेला, शेपटी हलवणारा रानपिंगळा पाहायला ही वेळ फार चांगली.

दिसला! आता काय करायचं

आहात तिथेच थांबा. पहिल्या मिनिटात कॅमेरा नको, दुर्बीण. डोकं, छाती, पोट, शेपटी या क्रमाने मनातल्या मनात खुणा मोजा आणि सोबत्याला हळू आवाजात सांगा. उडून गेला तरी ओळख हातात राहते. फोटो नंतर.

पक्षी डोळे अर्धवट मिटून ऊन खात असेल, पिसं साफ करत असेल, इकडेतिकडे पाहत असेल, तर तुम्ही योग्य अंतरावर आहात. त्याने अंग ताणून बारीक केलं, तुमच्याकडे टक लावली, डोकं वरखाली करायला लागला किंवा ‘चिर्रर्’ ओरडला, तर तुम्ही जास्त जवळ आहात. मागे या. पुढे अजून थोडं सरकून फोटो मिळेल हा विचार त्या क्षणी मनातून काढून टाका.

ध्वनिमुद्रण वाजवू नका. विणीच्या हंगामात नराला ते परक्या नराचं आव्हान वाटतं. तो शिकार सोडून, मादीला खाणं पोचवणं सोडून, नसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात फिरतो, उघड्यावर येतो, शिक्र्याच्या नजरेस पडतो. एका गटाने एकदा वाजवलं तर फार बिघडत नाही असं सांगणारे भेटतील. पण हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्याच जागी एकामागून एक गट येतात, आणि प्रत्येकजण एकदाच वाजवतो. इतक्या थोड्या उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत हे मला सरळ क्रूर वाटतं. वाटाडा तुम्हाला खूश करायला स्वतःहून मोबाइल काढेल. त्याला नम्रपणे नको म्हणा, आणि बक्षिसी तेवढीच द्या. पक्षी न दाखवल्याबद्दल पैसे कापले तर पुढच्या पाहुण्यासाठी तो नक्की वाजवणार. उंदीर टाकून पक्षी खाली बोलावणं, फ्लॅश मारणं, ढोलीवर काठी आपटणं, हे कुणी करत असेल तर तिथून निघून या आणि जवळच्या वनरक्षकाला सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा पक्षी पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे.

पिंगळा चोचीत किंवा पंजात भक्ष्य घेऊन एखाद्या ढोलीकडे जाताना दिसला तर आत मादी आहे किंवा पिल्लं आहेत असं समजा. तेवढ्यावर थांबा आणि जागा सोडा. अंडी बहुधा दोन, आणि ती सुमारे महिनाभर उबवावी लागतात. आपण झाडाखाली गर्दी केली आणि मादी बाहेर पडून परत यायला बिचकली, तर अंडी गारठतात. ढोलीचं तोंड उघडं पडलं की घोरपडीसारखे शत्रूही टपलेले असतातच.

नोंद प्रामाणिक हवी

वहीत तिथल्या तिथे लिहा: वेळ, कशा प्रकारचं रान, कोणत्या झाडावर, किती उंचीवर, काय करत होता, आणि तुम्हाला स्वतःला कोणकोणत्या खुणा दिसल्या. दिसली नाही ती खूण लिहू नका. पाठच दिसली, पोट दिसलंच नाही, तर तसंच लिहा. खात्री नसेल तर ‘पिंगळा, जात अनिश्चित’ ही पूर्ण सन्मानाची नोंद आहे.

मी यावर इतका भर का देतो, त्याला या पक्ष्याच्या इतिहासातच कारण आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ रानपिंगळा मारल्याचा दावा केला होता, नमुनाही दाखवला होता. तो नमुना खरं तर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्‌झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, नव्याने भरला आणि त्यावर खोटं लेबल लावलं. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उघडकीला आणलं. एका खोट्या नोंदीमुळे पक्षी अमुक काळापर्यंत, अमुक ठिकाणी होता असा समज वर्षानुवर्षं टिकला. जुने खरे पत्ते धरून शोध सुरू झाला तेव्हा शहाद्याला पक्षी सापडला. तुमची चुकीची नोंद कुणाला फसवायला केलेली नसेल, पण नकाशावर पडलेला बिंदू तेवढाच दिशाभूल करतो. मग त्या बिंदूच्या भरवशावर कुणी सर्वेक्षण आखतं, कुणी तिथे रस्ता नेण्याला हरकत घेतं किंवा घेत नाही.

दुसरी काळजी उलट बाजूची. नोंद खरी असेल तर नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोतली स्थाननोंद काढून टाका, “मेळघाट” एवढंच लिहा. झाडाचा, ढोलीचा, मागच्या ओळखीच्या टेकडीचा फोटो टाळा. घुबडांना अजूनही अंधश्रद्धेपायी पकडलं आणि मारलं जातं. अभ्यासकांना आणि वनखात्याला मात्र नेमकी जागा जरूर कळवा. त्यांना ती लागते.

नाही दिसला तर

पहिल्या भेटीत न दिसणं अगदी नेहमीचं आहे. दोन दिवस हातात असतील तर दुसऱ्या सकाळी नवी जागा शोधत बसू नका. आदल्या दिवशी साद ऐकू आली होती किंवा रान योग्य वाटलं होतं तिथेच, पण दुसऱ्या बाजूला बसा. जाळरेषेच्या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून साफ केलेल्या पट्ट्याच्या, कडेची झाडं विशेष पाहा. तिथे गवत गेलेलं असतं, सरडे-उंदीर उघडे पडतात, आणि पिंगळे कडेला येऊन बसतात. ढगाळ, वाऱ्याची सकाळ असेल तर फार आशा ठेवू नका. पक्षी उन्हाला बाहेर येत नाहीत. स्वच्छ आकाश आणि कडाक्याची थंडी, हा सगळ्यात चांगला योग.

मुंबई-ठाण्याच्या लोकांनी मेळघाट लांब पडतं म्हणून तानसा गाठायचा विचार केला तर तोही चांगला आहे, फक्त तिथलं रान मेळघाटापेक्षा ओलसर आणि उशिरा मोकळं होणारं आहे, म्हणून डिसेंबरऐवजी फेब्रुवारी धरा. प्रवेशाची परवानगी आधी काढा, सोबत तिथला माणूस घ्या, आणि घरून निघताना तीन पिंगळ्यांचे ते फोटो पुन्हा एकदा नावं झाकून पाहून घ्या.